गोल्फच्या प्रोचं घर अर्ध्या तासाच्या हिशोबावर किती दिवस चालणार?

मागच्या जुलैत आमची रेंज, म्हणजे गोल्फचे बॉल मारायचा सराव करायचं मैदान, सलग नऊ दिवस बंद होती. पाऊस मधेमधे थांबायचा पण मॅटच्या पुढे सगळं पाणी साचलेलं, बॉल पडला की रुतून बसणार आणि गोळा करायला पोरं पाठवली तर घोट्यापर्यंत चिखल. नऊ दिवस रेंज बंद म्हणजे नऊ दिवसांचे लेसन गेले आणि लेसन गेले की पैसे गेले, कारण मी गोल्फ शिकवणारा प्रो म्हणजे व्यावसायिक गोल्फर, पगारी माणूस नाही, अर्ध्या तासाला ठरलेली फी आणि त्यातनं क्लबचा हिस्सा वजा जाऊन जे हातात येतं तेवढीच माझी कमाई. त्याच नऊ दिवसांत ऑफिसमधल्या क्लार्कचा पगार चालू होता, माळी आणि मशीनवाल्यांचा पण चालू होता, आणि तो असायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला त्या महिन्यात मुलीच्या शाळेत जाऊन फी दोन हप्त्यांत करून मागावी लागली. मी पंधरा वर्षं हे काम करतोय, त्याआधी कॅडी होतो म्हणजे खेळाडूंची बॅग उचलायचो, आणि या धंद्यातल्या ज्या ज्या माणसाशी बोलतो तो जुलै-ऑगस्टबद्दल हेच सांगतो, पुण्याचा असो, मुंबईचा असो की नाशिकचा.

म्हणून हे लिहितोय. गोल्फ प्रोची कमाई वाढायला पाहिजे असं सगळे म्हणतात, पण विषय निघाला की बोलणं लगेच टूरवर म्हणजे बक्षिसाच्या स्पर्धांवर जातं, बक्षिसाची रक्कम वाढवा, स्पॉन्सर आणा, टीव्हीवर दाखवा. ते व्हावंच. पण माझं म्हणणं असं आहे की बहुतेक प्रोंचं घर बक्षिसांवर चालतच नाही, ते शिकवण्यावर चालतं, आणि शिकवण्याची कमाई अर्ध्या अर्ध्या तासाला बांधलेली आहे ती वर्षाला बांधली गेली पाहिजे. हे जोवर होत नाही तोवर बक्षिसं दुप्पट केली तरी आमच्या घरात फार काही बदलणार नाही.

आधी टूरचा हिशोब बघू कारण तो बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही. आपल्याकडे पीजीटीआय म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया २००६ पासून आहे, कपिल देव २०२४ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये आयजीपीएल नावाची नवीन लीग पण आली, म्हणजे पैसा येतोय हे खरंच. एक कोटीची स्पर्धा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं सगळे खेळाडू मालामाल. पण पीजीटीआयच्या अशा स्पर्धेत साधारण १२६ जण उतरतात, दोन दिवसांनी कट लागतो आणि वरचे पन्नासेक पुढे जातात, बाकीचे रिकाम्या हातानं घरी. रिकाम्या हातानं म्हणजे खरोखरच रिकाम्या, एक रुपया नाही. जिंकणाऱ्याला एक कोटीतले पंधराएक लाख मिळतात आणि तिथनं खाली आकडा भराभर उतरत जातो. आता समजा एका आठवड्याचा खर्च, म्हणजे गाडीभाडं, राहणं, जेवण, कॅडीचे पैसे, एंट्री फी असं सगळं धरून चाळीस हजार आला, तर वर्षात पंधरा स्पर्धा खेळायच्या म्हणजे सहा लाख आधी खिशातनं घालायचे. ज्याचे वडील घालू शकतात तो घालतो. ज्याचे वडील त्याच कोर्सवर गवत कापतात त्यानं काय करायचं?

आणि तरीही आपल्याकडे असे लोक झालेत, हे मला प्रत्येक पोराला सांगायचं असतं. अली शेर, दिल्लीचा कॅडी, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकला, त्याच्या आधी ती स्पर्धा कुठल्याच भारतीय प्रोनं जिंकलेली नव्हती. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते, १८२९ चा तो क्लब, ब्रिटनबाहेरचा जगातला सगळ्यात जुना, आणि तिथं वाढलेला हा मुलगा २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. महूच्या मुकेश कुमारनं २०१६ मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एशियन टूरची स्पर्धा जिंकली. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळून आला. ही माणसं माझ्यासाठी देवासारखी आहेत. पण ती बोटावर मोजण्याइतकी आहेत आणि धोरण मोजक्या लोकांकडे बघून ठरवायचं नसतं, उरलेल्यांकडे बघून ठरवायचं असतं. मी स्वतः तीन वेळा क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे टूरवर जागा मिळवायची स्पर्धा, खेळलो, तिन्ही वेळा थोडक्यात राहिलो, चौथ्या वेळेला पैसे नव्हते. माझ्यासारखे कट चुकलेले आणि स्कूलमध्ये राहिलेले शेवटी सगळे रेंजवर येऊन उभे राहतात आणि तिथं त्यांना जे मिळतं तो खरा प्रश्न आहे.

तर रेंजचा हिशोब. समजा अर्ध्या तासाचे ८०० रुपये घेतो आणि क्लब त्यातले तीस टक्के ठेवतो, उरले ५६०. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते साडेसहा, मधल्या उन्हात कुणी येत नाही, म्हणजे दिवसाला पाच लेसन झाले तर चांगला दिवस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सत्तर हजार. ऐकायला बरं वाटतं ना? आता त्यातनं पावसाचे चार महिने काढा, उरले आठ, झाले पाच लाख साठ हजार. मग लोकांच्या मीटिंगा निघतात, पाहुणे येतात, पाठ धरते, दिवाळीत सगळं गाव बाहेरगावी जातं, सकाळी सहाला मेसेज येतो "आज नको उद्या बघू", असं करत करत पाव भाग तरी सहज बुडतो. हातात राहिले चार लाख वीस हजार, वर्षाचे, म्हणजे महिन्याला पस्तीस हजार. पीएफ नाही, मेडिकल नाही, आणि कंबर गेली तर दुसऱ्या दिवसापासून शून्य. आणि कंबर जातेच हो, दिवसभर वाकून लोकांच्या बॉलकडे बघत उभं राहायचं काम आहे ते.

यात फक्त प्रोचं नुकसान असतं तर मी कदाचित इतकं तळमळून लिहिलं नसतं. शिकणाऱ्याचंही तेवढंच नुकसान आहे.

एक काका येतात, बँकेतनं रिटायर झालेले, एकसष्ट वर्षांचे, अतिशय सज्जन माणूस. तक्रार एकच, बॉल उजवीकडे वळतो, स्लाइस. मी त्यांना सेव्हन आयर्न ही मधल्या अंतराची काठी घेऊन उभं केलं आणि बॉल न ठेवता नुसता हात बघितला. डावा हात दांड्यावर इतका डावीकडे फिरलेला की वरनं बघताना बोटांच्या मुळाचं एकच हाड दिसत होतं, आणि पकड अशी की चुलीवरनं उकळतं दूध उतरवताना आपण सांडशी आवळतो तशी, मनगटाच्या शिरा वर आलेल्या. मी हात अडीच हाडं दिसेपर्यंत उजवीकडे फिरवला आणि म्हटलं काका आता सांडशी सोडा, दूध गार झालंय. हसले, खांदे खाली आले. पहिले चार बॉल भलतीकडे गेले, पाचवा सरळ गेला, सहावा पण गेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायलाच मी या धंद्यात आहे. आठशे रुपये देऊन खूश होऊन गेले. परत आले ते तेवीस दिवसांनी, आणि हात पहिल्यासारखा डावीकडे फिरलेला, शिरा वर आलेल्या. पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा आठशे. वर्षभर हेच चाललं. पकड बदलणं ही अर्ध्या तासाची गोष्टच नाही, घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं आणि आठवड्यातनं एकदा कुणीतरी बघणारा, असं दोन महिने केलं तर ती हाडात बसते. पण मी विकत होतो अर्धा तास आणि ते घेत होते अर्धा तास, त्यामुळे दोन महिन्यांची गोष्ट कुणी विकलीही नाही आणि कुणी घेतलीही नाही. काकांनी शेवटी सोडून दिलं खेळणं, म्हणाले आपल्याला जमणारं नाही हे. मला ते अजून लागतं, कारण त्यांना जमत होतं.

म्हणून माझं गणित वेगळं आहे. चाळीस माणसं वर्षाच्या बोलीवर घ्यायची, महिन्याचे दोन हजार म्हणजे वर्षाचे चोवीस. चार-चार जणांचे दहा गट, प्रत्येक गटाला आठवड्यातनं एक तास, म्हणजे माझे आठवड्याचे दहाच तास गेले. महिन्यातनं एकदा गटाला घेऊन कोर्सवर तीन होल खेळायचे, कारण रेंजवर येणारा शॉट आणि झाडाखालनं काढायचा शॉट यांचा काही संबंध नसतो आणि तो फरक नव्या माणसाला कुणी दाखवतच नाही. मधल्या दिवसांत मोबाइलवर स्विंगचा व्हिडिओ पाठवायचा, मी बघून दोन ओळी बोलून पाठवणार. चाळीस गुणिले चोवीस हजार म्हणजे नऊ लाख साठ हजार, क्लबला वीस टक्के दिले तरी सात लाख अडुसष्ट हजार राहतात, महिन्याला चौसष्ट हजार, आणि बारा महिने. शिकणाऱ्याला पण बघा, आठवड्याला एक लेसन घेतला असता तर महिन्याचे बत्तीसशे गेले असते, इथं दोन हजारांत कोर्स पण बघायला मिळतो. बाकीच्या वेळेत ज्याला एकट्याला शिकायचंय त्याला शिकवा, काठीच्या दांड्यावरची ग्रिप बदलून द्या, मुलांची बॅच घ्या, ते सगळं वरचं.

पावसाळ्याचं काय, हा पहिला प्रश्न येतो. पावसाळा तर यासाठी सोन्यासारखा आहे. पटिंग म्हणजे बॉल हळूच ढकलून होलात घालणं, ते करायला जाड गालिच्याची बारा फुटांची पट्टी पुरते, पकड आणि उभं राहणं शिकायला बॉलही लागत नाही, खेळाचे नियम निम्म्या मेंबरांना धड माहीत नसतात ते या दिवसांत बसून समजावता येतात, आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाची कंबर आणि मांड्या चार महिन्यांत तयार केल्या तर ऑक्टोबरला तोच माणूस वीस यार्ड लांब मारतो. फक्त एक हॉल पाहिजे.

आता क्लबवाल्यांची बाजू, कारण ती पण मी ऐकून आहे. कमिटीतले लोक म्हणतात प्रोला आम्ही जागा देतो, मेंबर देतो, वर पगार पण द्यायचा का? त्यांना मी सांगतो की मला पूर्ण पगार नकोच आहे, वर्षाची लेखी बोली आणि एक छोटी ठरावीक रक्कम द्या, बाकीचं मी कमावतो. आणि जागा दिली हे अर्धंच खरं आहे. माझ्याकडे शिकणारा प्रत्येक माणूस लेसनला दोन बकेट बॉल घेतो, ते पैसे क्लबचे. नंतर तो ग्रीन फी म्हणजे कोर्सवर खेळायचे पैसे भरतो, कार्ट घेतो, कॅन्टीनला बसतो, बायकोला आणि मुलाला आणतो, ते सगळं क्लबचं. नवा माणूस पहिल्या वर्षात टिकला तर वीस वर्षं टिकतो आणि तो टिकवायचं काम प्रोशिवाय दुसरं कोण करतं? तरी आमच्याकडे साधा एका पानाचा करार नसतो. क्लबचा नवीन कॅप्टन आला की त्याच्या ओळखीचा कोच येतो आणि आधीच्याला "पुढच्या महिन्यापासनं नको" असं पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितलं जातं. माझ्याबरोबर हे एकदा झालंय, कुठल्या क्लबात ते लिहीत नाही, मुद्दा क्लबचा नाही, मुद्दा असा की त्यांनी काहीच मोडलं नाही कारण मोडण्यासारखं कागदावर काही नव्हतंच.

कागद नसला की अजून काय होतं ते पण सांगतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी लोन काढायला गेलो तर बँकेतले साहेब म्हणाले उत्पन्नाचा पुरावा काय. मी वही दाखवली, कुठल्या तारखेला कुणाचा लेसन, किती पैसे, पंधरा वर्षांची वही. त्यांनी आदरानं बघितली पण, आणि परत दिली. त्या दिवशी मला कळलं की ही चूक निम्मी माझी पण आहे. आमच्यातले बहुतेक जण रोख घेतात, रिटर्न भरत नाहीत, आणि मग जगाच्या दृष्टीनं आपण काही कमावतच नाही. आता मी सगळे पैसे बँकेत घेतो, रिटर्न भरतो, नव्या पोरांना पहिल्या दिवशी ग्रिपच्या आधी हे सांगतो. तसंच शिक्षणाचं. इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडिया आहे, कोचना शिकवून सर्टिफिकेट देते, पण आमची कितीतरी पोरं "मला खेळता येतं म्हणजे शिकवता येतं" म्हणून जात नाहीत. खेळता येणं आणि दुसऱ्याच्या हातात उतरवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंग्रजीला घाबरून कुणी जात नसेल तर त्याला माझं सांगणं आहे की माझे निम्मे मेंबर मराठीतनं शिकतात आणि त्यांना ते जास्त चांगलं कळतं.

परदेशात हे सगळं फार आधी होऊन गेलंय. ब्रिटनमध्ये प्रो लोकांनी स्वतःची संघटना १९०१ मध्ये काढली, अमेरिकेत १९१६ मध्ये, आणि तिथली संघटना मुळात क्लबमध्ये शिकवणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या प्रोंची, टूरवाले १९६८ मध्ये त्यातनं वेगळे झाले. तिथं क्लबच्या प्रोला ठरलेली रक्कम असते, लेसनचे पैसे त्याचे आणि बऱ्याच ठिकाणी दुकानाच्या नफ्यातही वाटा. ते आपोआप झालं नाही. १९२० पर्यंत प्रोला क्लबहाउसच्या आत पाऊल ठेवायची परवानगी नसायची, कपडे बाहेर बदलायचे. त्या वर्षी यूएस ओपन ओहायोतल्या टोलेडो शहरात इन्व्हर्नेस क्लबवर झाली आणि त्या क्लबनं सगळ्या प्रोंना आत घेतलं. खेळाडूंनी आपापसात वर्गणी काढून त्या क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं, त्यावर ओळी आहेत की देव माणसाला त्याच्याकडच्या धनावरनं नाही तर तो स्वतः काय आहे त्यावरनं मोजतो. घड्याळ अजून तिथं आहे. मला ही गोष्ट वाचून रडू आलं होतं, कारण शंभर वर्षांनी आमच्याकडे सत्तर वर्षांच्या कॅडी मामांना विशीतला मेंबर "अरे ए" म्हणून हाक मारतो आणि प्रोनं डबा कुठं बसून खायचा हे अजून ठरलेलं नाही. पैशाचा आणि मानाचा विषय वेगळा आहे असं कुणी म्हणू नये, ज्याला दारात उभं करतात त्याच्याशी कुणी करार करत नाही.

सरकारी बाजूनंही करण्यासारखं आहे. दिल्लीत डीडीएनं म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणानं कुतुब गोल्फ कोर्स लोकांसाठी काढला, आपल्याकडे सिडकोनं खारघरला काढला, मेंबरशिप नसली तरी पैसे भरून खेळता येतं. अशा प्रत्येक कोर्सवर दोन तरी प्रो वर्षाच्या करारावर ठेवा, आजूबाजूच्या शाळांची पोरं आठवड्यातनं एकदा त्यांच्याकडे पाठवा, कॅडींच्या पोरांना आधी घ्या. एखादा मोठा स्पर्धेचा आठवडा भरवायला जो खर्च येतो त्याच्या अगदी छोट्या तुकड्यात हे होईल. आणि यातनं खेळाडू पण निघतील, कारण पोटाची काळजी नसलेला प्रो गुणी पोराला फुकट पण शिकवतो, मला पण एका म्हाताऱ्या प्रोनं फुकटच शिकवलं.

मी वाट बघत बसलो नाही. या जूनपासनं वर्षाच्या बोलीचं काम सुरू केलंय, जवळच्या सोसायटीचा बॅडमिंटन हॉल शनिवारी दुपारी दोन तास भाड्यानं घेतलाय कारण ते दोन तास तिथं कुणी येत नाही. आतापर्यंत अकरा जण झालेत, चाळीस व्हायला वेळ लागेल. गेल्या शनिवारी बाहेर धो धो पाऊस होता आणि आत हिरव्या गालिच्याच्या तीन पट्ट्या अंथरलेल्या, स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात पट करायचं चाललेलं, पेल्यात बॉल गेला की सगळा हॉल घुमायचा. बँकेतल्या काकांना मी स्वतः फोन करून बोलावलं होतं. आले, आधी बाकावर बसून राहिले, मग पट्टीवर उभे राहिले आणि पटर हातात घेताना माझ्याकडे बघून म्हणाले, अडीच हाडं ना?